हमीदाबाईंचं चिंगम

'चीगोंग' हा शब्द हमीदाबाईंनी कधीच नीट उच्चारला नाही. शिबिरात हे चिनी व्यायाम शिकवणाऱ्या दिनेशने त्यांना तो तोडून तोडून सांगितला, पाटीवर लिहून दाखवला, चीनमध्ये त्याचा अर्थ काय होतो तेही समजावलं. बाईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मला हलवून म्हणाल्या, "ऊठ गं, चिंगमची वेळ झाली." मग शिबिरातले सगळेच चिंगम म्हणायला लागले. एकदा तर खुद्द दिनेशच्या तोंडून तो शब्द निसटला, आणि बाई इतक्या हसल्या की त्यांना धाप लागली. हसणं आणि धाप यांच्यात तेव्हा फारसं अंतर उरलं नव्हतं.

हमीदाबाई आमच्या जळगावच्या मुलींच्या शाळेत खेळाच्या शिक्षिका होत्या. मी मराठीची. मी जामनेरहून नोकरीला आले तेव्हा त्या शाळेत मुरलेल्या होत्या. पांढरी सलवार, गुडघ्याखाली जाणारी कमीज, ओढणी तिरकी घेऊन कमरेला मारलेली गाठ, पायात कॅनव्हासचे बूट. कमीजला दोन्ही बाजूंनी खोल खिसे शिवून घेतलेले. एका खिशात मैदान आखायच्या फक्कीने पांढरी झालेली दोरी, दुसऱ्यात गूळ-शेंगदाणे. खो-खो खेळताना मुलगी पडली की त्या आधी तिला उभी करत, मग गुडघा बघत, मग तिच्या हातावर मूठभर शेंगदाणे ठेवत. "लागलं का?" असं कधी विचारत नसत. "विचारलं की लागतं," असं त्यांचं म्हणणं.

शिट्टी त्यांनी कधी गळ्यात घातली नाही. त्यांचा आवाजच तेवढा होता. मेहरूण तलावाच्या अलीकडून बाईंनी हाक मारली तर पलीकडची म्हैस मान वर करते, असं आम्ही शिक्षकखोलीत म्हणायचो. हा आवाज त्या मैदानापुरता ठेवत नसत. भाजीबाजारात कुणी पोक काढून चाललेला दिसला की बाई थांबून म्हणत, "ओ भाऊ, पाठ!" आणि तो भाऊ, मग तो हमाल असो की वकील, दचकून सरळ होई. कुणी उलटून बोलल्याचं मला आठवत नाही. पुढच्या चौकापर्यंत तरी माणूस ताठ चालायचा.

त्यांचे वडील पिंजारी होते. मेहरूणमधल्या घराच्या ओसरीतच कापूस पिंजायचं आणि गाद्या-रजया भरायचं काम चाले. "कापूस खात वाढले मी," बाई सांगत. "पोळीवर कापूस, दुधात कापूस. सणाला केसांत मोगरा माळायचा तर आधी कापूस वेचून काढावा लागे." अशा घरातल्या मुलीने खेळाची शिक्षिका व्हायचं ठरवलं तेव्हा नातेवाइकांनी वडिलांना काय काय ऐकवलं असेल, ते त्यांनी कधी सांगितलं नाही. इतकंच म्हणायच्या, "अब्बांना ऐकू कमी यायचं. पिंजण्याच्या आवाजाने कान गेले होते. माझं नशीब."

लग्न त्यांनी केलं नाही. धाकटा भाऊ आणि भावजय लवकर गेले, त्यांची मुलगी शबाना बाईंनीच वाढवली. शाळेत चारशे मुलींवर ओरडणारी ही बाई घरी शबानाची वेणी घालताना अगदी हळू आवाजात बोलायची. मी पहिल्यांदा ते ऐकलं तेव्हा दुसरंच कुणीतरी बोलतंय असं वाटलं होतं.

एकदा आम्ही खो-खोचा संघ घेऊन धुळ्याला गेलो होतो. मला बाईंनी सोबत म्हणून ओढलं होतं. निम्म्या मुलींचे पालक पाठवायला तयार नव्हते. बाई प्रत्येक घरी गेल्या, प्रत्येक ओट्यावर बसल्या, मिळेल तो चहा बशीत ओतून प्यायल्या आणि मुलगी घेऊनच उठल्या. धुळ्यात आमची सोय एका शाळेत होती. तिथल्या न्हाणीघराला दार होतं, पण कडी नव्हती, आणि बाहेर मुलांच्या संघांची ये-जा. आमच्या मुली आंघोळच करेनात. बाईंनी दाराला बाहेरून पाठ लावली, पाय रोवले आणि खड्या आवाजात एकोणतीसचा पाढा सुरू केला. आत जी असेल तिने ओळखायचं की आवाज येतोय, म्हणजे बाई दाराशी आहेत. पाढा संपला की पुन्हा पहिल्यापासून. अख्खा संघ न्हाऊन निघेपर्यंत बाई हलल्या नाहीत. त्या संघातली एक मुलगी परवा भेटली. आता तिला सून आलीय. म्हणाली, "बाई, मला बाकी गणित काही आलं नाही, पण एकोणतीसचा पाढा झोपेतही येतो."

वंदना नावाची मुलगी त्याच संघातली. तिच्यासारखी हूल देणारी पोरगी मी नंतर पाहिली नाही. पाठलाग करणारीला वाटे आता धरलीच, आणि हातात वारा यायचा. तिला राज्याच्या संघात घेतील अशी बोलणी चालू असताना वडिलांनी लग्न ठरवलं. दहावीसुद्धा झाली नव्हती. बाई मला घेऊन त्यांच्या गावी गेल्या. केळीच्या बागेतल्या घरी वडिलांनी आदराने बसवलं, पाणी दिलं, सगळं ऐकून घेतलं. बाई कायदा बोलल्या, तिच्या पायांचं कौतुक बोलल्या, शेवटी हात जोडले. ते गृहस्थ जराही चिडले नाहीत. म्हणाले, "तुमनं बठ्ठं खरं शे, बाई. पन पोर मन्ही शे."

सगळं खरं, पण पोर त्यांची होती. बाई उठल्या. परत आल्यावर त्या पोलीस चौकीतही जाऊन आल्या. तिथे त्यांना सांगितलं, बघतो. कुणी बघितलं नाही.

लग्नाला त्या गेल्या. मी म्हटलं, कशाला जाता? तर म्हणाल्या, "ती मांडवात शोधेल मला." जेवून आम्ही परतीच्या गाडीत बसलो. मग म्हणाल्या, "माझ्या हातात अक्षतांशिवाय काही नव्हतं. त्या टाकल्या."

बाई निवृत्त झाल्यावर काही वर्षांनी शाळेच्या स्नेहसंमेलनाला आल्या होत्या. जिना चढताना मधल्या वळणावर थांबल्या आणि भिंतीवरचे जुने फोटो न्याहाळायला लागल्या. ते फोटो लावले होते त्यांनीच. मी दोन पायऱ्या वर जाऊन वळून पाहिलं, तर त्यांचं एका फोटोकडेही लक्ष नव्हतं. डोळे उघडे होते, तोंड उघडं होतं, आणि खांदे वरखाली होत होते. मला बघून म्हणाल्या, "फोटोंवर धूळ किती बसलीय!"

तपासण्या झाल्या. डॉक्टरांनी शबानाला आणि मला समोर बसवून सांगितलं की फुफ्फुसं आतून कडक होत चालली आहेत, ओला स्पंज वाळून कडक व्हावा तशी. औषधाने वेग कमी होईल, झालेलं परत फिरणार नाही. कशामुळे झालं हे नक्की सांगता येत नाही, कारणं बरीच असतात, असंही म्हणाले. बाई बाहेरच्या बाकावर होत्या. त्यांना आत घेतलं. त्यांनी एवढंच विचारलं, "कापूस का?" डॉक्टर म्हणाले, "असू शकेल." बाई म्हणाल्या, "मग ठीक आहे. घरचाच आहे."

हळूहळू घरात ऑक्सिजनचं यंत्र आलं. पलंगाशेजारी ते दिवसभर घरघरत बसे. बाईंनी त्याचं नाव ठेवलं इन्स्पेक्टर. "बघ कसा बसलाय! काही करत नाही, नुसता तपासतो." नाकात नळी असली तरी पाठ ताठ. मी गेले की आधी माझ्या पाठीकडे बघत. पण आवाज गेला होता. चार शब्द बोलून थांबायचं, श्वास घ्यायचा, मग पुढचे चार. ज्या आवाजाने माणसं सरळ होत, तो ऐकायला आता मला पुढे वाकून बसावं लागे.

शिबिराचं शबानाने फोनवर पाहिलं. चोपड्याच्या वर, सातपुड्यात, एका शेतकऱ्याच्या मळ्यावर आठवडाभराचं चीगोंगचं शिबिर. संथ हालचाली आणि श्वासाचे चिनी व्यायाम. शिकवणारा दिनेश हा त्या शेतकऱ्याचाच मुलगा. केळीच्या व्यापारातल्या नोकरीसाठी मलेशियात काही वर्षं राहिलेला. तिथे राहत्या घरासमोरच्या बागेत एक म्हातारी चिनी बाई रोज सकाळी हे करायची, तिच्याकडून तो शिकला. शबानाने त्याला फोन करून सगळी खरी परिस्थिती सांगितली. तो म्हणाला, "या. पण डॉक्टरांना विचारून या, आणि यंत्र आणा. माझ्याकडे इन्व्हर्टर आहे." डॉक्टर म्हणाले, फार उंच नाही, हवा चांगली आहे, जपून जा. शबानाला रजा मिळेना. मीही निवृत्त होऊन रिकामी होते. शिवाय बाईंनी विचारलं नव्हतं, सांगितलं होतं, "तू येतेयस."

दिवाळी होऊन गेली होती. खाली केळी, मधे तुरीची शेतं, आणि वर गेलं की साग, बांबू, मोह. सकाळी दरीतून धुकं वर यायचं आणि अंगणापर्यंत येऊन थांबायचं. आम्ही दहा-बारा माणसं होतो. बहुतेकांचे गुडघे दुखत होते. धुळ्याचे देवरेकाका तर पहिल्याच दिवशी म्हणाले, "गुडघा बरा झाला नाही तर मी फी परत मागणार." दिनेश हसला. तिशीतला, सडपातळ, फार हळू बोलणारा मुलगा. त्याचे वडील, आबा, धोतर-टोपीतले. ते लांब बाजेवर बसून आमच्याकडे बघत. पोरगा परदेशात जाऊन उभं राहायला शिकून आला, याचं त्यांना नवल वाटे.

पहिला धडा उभं राहायचाच होता. दोन पायांत खांद्यांएवढं अंतर, गुडघे किंचित सैल, हात समोर गोल धरायचे, पोटाशी मोठा रांजण कवटाळल्यासारखे. आणि काही करायचं नाही. बाई खुर्चीवर बसून करत होत्या, शेजारी इन्स्पेक्टर, त्याची वायर ओसरीतून आणलेली. दिनेश त्यांच्यापुढे बसून म्हणाला, "बाई, श्वास ओढू नका. तो येतोय. येऊ द्या."

"आपणहून काय आलंय रे माझ्याकडे?" बाई म्हणाल्या. थांबल्या. "सगळं ओढूनच आणलंय."

"म्हणून तर दमलात."

बाईंनी त्याच्याकडे निरखून बघितलं. मैदानावर नवीन मुलीला बघत तसं. मग हात पुन्हा गोल धरले.

दोन दिवसांत त्या शिबिराच्या मॉनिटर झाल्या. दिनेश दाखवायचा आणि बाई खुर्चीतून हाताच्या खुणेने लोकांना ओळीत आणायच्या. देवरेकाकांची पाठ त्यांनी सरळ करून घेतली. काका म्हणाले, "गुडघ्याचं माहीत नाही, पण बाईंच्या धाकाने मान दुखायची थांबली." जेवायच्या वेळी आबा येऊन बाईंच्या ताटाजवळ उकिडवे बसत. "काय व माय, दम लागस का?" रोज तेच विचारत. बाईंना तो प्रश्न बाकी कुणी विचारलेला चालत नसे. आबांना मात्र त्या खरं सांगत. "लागतो, आबा." आबा मान हलवत आणि भाकरीवर आणखी तूप वाढायला सांगत.

एका दुपारी ओढ्याकाठच्या दगडावर आम्ही तिघंच होतो. बाईंनी दिनेशला विचारलं, "हे रोज केलं, नीट केलं, तर बरं होईल का?"

मी दिनेशकडे बघून डोळ्यांनी काहीतरी सांगायचा प्रयत्न केला. काय सांगत होते मलाच ठाऊक नाही. त्याने माझ्याकडे पाहिलंच नाही.

"नाही, बाई," तो म्हणाला. "बरं नाही होणार."

"मग काय होईल?"

"जो श्वास आहे तो कमी भांडेल."

बाईंनी मान पाण्याकडे वळवली. मला वाटलं आता रडतील, आणि मला काय करावं कळेना. पण त्या म्हणाल्या, "तू पहिला. बाकी सगळे 'बघू' म्हणतात." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "मुलींना मी सांगायचे, दम पोटात असतो. मला काय माहीत होतं गं? पुस्तकात वाचून सांगायचे."

त्यानंतर त्या दिनेशला 'अरे' ऐवजी 'सर' म्हणू लागल्या. तो संकोचायचा.

शिबिर संपत आलं होतं. त्या रात्री डोंगरात जोराचा वारा सुटला. सकाळी उठलो तर कळलं, एक पोखरलेलं झाड विजेच्या तारांवर पडलंय. यंत्र इन्व्हर्टरवर चालू होतं. दिनेशने लाइनमनला फोन लावायचा प्रयत्न केला, रेंज गेलेली. त्याची जीप घेऊन गडी पहाटेच चोपड्याला भाजी आणायला उतरला होता. "काळजी नको," दिनेश म्हणाला, "सिलेंडर आहे." आम्ही जळगावहून भाड्याने आणलेलं छोटं सिलेंडर खोलीच्या कोपऱ्यात होतं. नाश्त्याच्या सुमारास इन्व्हर्टरने मान टाकली. यंत्राची घरघर थांबली. दिनेशने सिलेंडरची चावी फिरवली. जराशी फुस्स झाली आणि संपली. कुठेतरी गळती होती. ते कधीच रिकामं झालं होतं.

आबा मोटरसायकलकडे गेले. त्या वयात, धोतराचा काचा मारून, त्यांनी किक मारली. जाता जाता बाईंजवळ थांबून म्हणाले, "घाबरू नको व माय, मी आत्ते उना." आणि आत्ता आलोच असा हात करून त्या दगडधोंड्यांच्या उताराने निघून गेले. त्यांच्या गाडीचा आवाज वळणावळणाने लांब जात राहिला, मग ऐकू येईनासा झाला.

बाई ओसरीवर खुर्चीत होत्या. ओठ हळूहळू जांभळट व्हायला लागले. गळ्याच्या खाली प्रत्येक श्वासाला खड्डा पडत होता. मी त्यांचा हात धरला होता. नखं निळी दिसत होती, ती मी माझ्या तळव्याखाली झाकून घेतली, म्हणजे त्यांना दिसू नयेत. की मला. शिबिरातली माणसं अंगणात उभी होती. कुणी पंखा घालत होतं, कुणी म्हणालं, पंखा नको. देवरेकाकांनी विचारलं, पाणी देऊ का? इतकी हवा होती तिथे. चहूबाजूंनी झाडं, ओल्या पानांचा वास, दरीतून वर येणारा गार वारा. आणि ती एका माणसाच्या आत जात नव्हती.

"बोल ना काहीतरी," बाई मला म्हणाल्या. तीन शब्दांना तीन श्वास लागले.

तीस वर्षं मी भाषा शिकवली. मला एक वाक्य सुचलं नाही. मी म्हटलं, "आबा येतीलच." मग पुन्हा तेच म्हटलं. आणि पुन्हा.

दिनेश त्यांच्यासमोर जमिनीवर बसला. "बाई, माझ्याबरोबर," म्हणाला. "हळू. येऊ द्या." पण त्याचाच आवाज कापत होता. त्याने हात समोर गोल धरले. चेहरा पांढरा पडलेला. त्याने खूप लोकांना श्वास शिकवला असेल, पण असा श्वास नसलेला माणूस त्याच्यापुढे कधी बसला नसावा. तो शिकवत होता ते एक आणि त्याची छाती करत होती ते भलतंच. बाईंच्या ते लक्षात आलं. त्यांनी माझ्या हातातून आपला हात सोडवून घेतला आणि त्याच्या खांद्यावर ठेवला. मग तो हात हळूच खाली दाबला. जरा वेळाने उचलला. पुन्हा खाली. त्यांना बोलताच येत नव्हतं. पण त्या दिनेशचा श्वास लावत होत्या. खाली... वर... खाली. हळूहळू दिनेशचे खांदे त्या हाताबरोबर चालायला लागले. आणि तो हात सांभाळण्याच्या नादात बाईंचा स्वतःचा श्वासही, थोडासा का होईना, त्याच चालीवर आला. ओठांचा रंग काही बदलला नाही. डोळ्यांतली भीतीही गेली नाही. ती मी अगदी जवळून बघत होते. फक्त धडपड कमी झाली.

किती वेळ गेला सांगता येणार नाही. उन्हं अंगणाच्या मध्यावर आली तेव्हा खालून गाडीचा आवाज आला. आबांना अर्ध्या वाटेत एक पिकअप भेटली होती. केळीच्या क्रेट उतरवून घेऊन त्यांनी ती वर आणली, आणि खालच्या गावातल्या दवाखान्यातून एक सिलेंडरही. आबा गाडीतून उतरले तेव्हा त्यांचा गुडघा फुटलेला होता, धोतरावर रक्त होतं. मोटरसायकल कुठेतरी घसरली होती. बाईंनी नळी नाकाला लागताच पहिल्यांदा त्या गुडघ्याकडे बोट दाखवलं.

चोपड्याच्या दवाखान्यात त्या सावरल्या. संध्याकाळी शबाना आली. बाईंनी पहिली गोष्ट तिला सांगितली, की उद्या शिबिराचा शेवटचा दिवस आहे, वर जायचंय. डॉक्टरांनी ऐकूनही घेतलं नाही. तेव्हा बाई रडल्या. इतक्या वर्षांत मी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं. आवाज नाही, हुंदका नाही, हुंदक्याला लागते तेवढी हवाच नव्हती. नुसतं पाणी वाहत होतं आणि शबाना पुसत होती. "फुफ्फी, फिर जाएंगे," ती आत्याला समजावत होती. बाई मानेने नाही म्हणत होत्या.

त्यानंतर दिनेश दर रविवारी चोपड्याहून मेहरूणला येऊ लागला. कुणी बोलावलं नव्हतं. येताना आबांनी दिलेला केळीचा घड असायचा. पलंगासमोर स्टुलावर बसून तो बाईंबरोबर अर्धा तास करायचा आणि चहा पिऊन जायचा. मीही त्याच वेळी जात असे. सुरुवातीला बाई दोन्ही हात खांद्यापर्यंत उचलत. थंडी सरून उन्हाळा लागेपर्यंत हात कोपरापर्यंतच वर येऊ लागले. मग नुसती मनगटं. पावसाळ्यात मी गेले तेव्हा रजईवर ठेवलेली त्यांची बोटं तेवढी किंचित उघडत होती आणि मिटत होती. समोर दिनेश तेवढंच करत होता, बोटं उघडायची, मिटायची. मी दारात उभी राहून बघत होते. मला आत जाववेना. एक रविवार असा आला की बोटंही हलली नाहीत. बाईंनी त्याच्याकडे बघितलं. तो म्हणाला, "मनात करा, बाई. मी पण मनातच करतो." अर्धा तास ते दोघं एकमेकांसमोर तसेच बसून राहिले. बाहेरून बघणाऱ्याला वाटलं असतं, इथे काहीच चाललेलं नाही.

शबाना स्वयंपाकघरात होती. तिने मला विचारलं, "मावशी, मी चुकले का? त्यांना वर पाठवायला नको होतं." मी तिला नाही म्हटलं. ते खरं होतं की खोटं, मला अजूनही ठरवता येत नाही.

शेवटी त्यांना जळगावातल्याच एका दवाखान्यात हलवलं. तोंडावर मास्क होता. आम्हाला दुपारनंतर थोडा वेळ आत सोडत. शेवटच्या भेटीत मी त्यांच्याजवळ उभी राहिले. शाळेत नवीन मैदान आखतायत, मुलींचा संघ पुन्हा सुरू होतोय, असं काही काही सांगितलं. त्या ऐकत होत्या किंवा नव्हत्या. मी निघाले. दाराशी पोचून वळून पाहिलं, तर त्यांनी हात थोडा उचलला होता. मला वाटलं, बोलावतायत. मी घाईघाईने परत गेले, वाकून कान जवळ नेला. त्यांनी डोळ्यांनीच नाही म्हटलं आणि शेजारच्या खाटेकडे नजर वळवली. तिथे एक म्हातारी बाई झोपली होती. पश्चिमेच्या खिडकीतून ऊन नेमकं तिच्या तोंडावर आलं होतं, आणि ती झोपेतच तोंड इकडून तिकडे वळवत होती.

मी जाऊन पडदा ओढला. म्हातारीच्या तोंडावरचं ऊन गेलं. वळून पाहिलं तेव्हा हमीदाबाईंनी डोळे मिटले होते. आयाबाई म्हणाली, "चला ताई, वेळ झाली," आणि मी बाहेर आले.